जुन्या लेन्सची तुलना: आधी घराणे, मग कारखाना

जुन्या लेन्सची चर्चा निघाली की ती बहुधा नावांपाशी अडकते. झाइस सरस की लाइट्झ, रोलायफ्लेक्स कॅमेऱ्यावर श्नायडरची लेन्स घ्यावी की झाइसची, सोव्हिएत कारखान्यातून निघालेली प्रत मूळ जर्मन लेन्सच्या तोडीची ठरते की नाही, हे प्रश्न अनेक दशके चघळले गेले आहेत. परंतु नाव कारखान्याचे असते, आणि प्रकाश वळतो तो आतील काचांच्या आकारानुसार व त्यांच्यामधील अंतरानुसार. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात यशस्वी ठरलेल्या मांडण्या मोजक्याच होत्या आणि प्रतिस्पर्धी कंपन्यांनी त्याच मांडण्या थोड्याफार फरकाने आपापल्या नावांनी विकल्या. म्हणून दोन लेन्स समोर आल्या की प्रथम त्यांचे घराणे ओळखावे. कारखान्याचा विचार नंतर केला तरी चालतो. या लेखात 'लेन्स' म्हणजे संपूर्ण नळी आणि 'भिंग' म्हणजे तिच्या आतील एकेक काच, असा भेद पाळला आहे. एकमेकांना चिकटवलेली भिंगे मिळून एक गट धरला आहे.

घराणी कोणती

सर्वांत साधी मांडणी म्हणजे तीन सुट्या भिंगांची ट्रिप्लेट: दोन बहिर्वक्र आणि त्यांच्या मधोमध एक अंतर्वक्र. इंग्लंडमधील यॉर्कच्या कुक कंपनीत काम करणाऱ्या डेनिस टेलर यांनी १८९३ मध्ये ती मांडली. १९०२ मध्ये झाइसच्या पॉल रुडॉल्फ यांनी टेसार आणली. तिच्यात शेवटच्या भिंगाच्या जागी दोन भिंगे चिकटवून बसवलेली असतात, म्हणजे तीन गटांत चार भिंगे होतात. (टेसार ही ट्रिप्लेटची सुधारलेली आवृत्ती असल्याचे सर्रास सांगितले जाते. रुडॉल्फ मात्र आपल्याच आधीच्या उनार आणि प्रोटार या लेन्सवरून तिथे पोहोचले होते. आकृती सारखी दिसते, वंशावळ वेगळी आहे.) फोख्टलेंडरच्या हान्स हार्टिंग यांनी १९०० मध्ये काढलेल्या हेलियारमध्ये पुढचा आणि मागचा असे दोन्ही गट जोडभिंगांचे असतात, म्हणून ती तीन गटांत पाच भिंगांची होते. श्नायडरची झेनार, फोख्टलेंडरची स्कोपार, लाइट्झची एल्मार आणि सोव्हिएत इंडस्टार-२२ ही सारी टेसारचीच भावंडे आहेत.

मोठ्या अ‍ॅपर्चरच्या लेन्समध्ये खरी चुरस दोन घराण्यांची होती. (अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधून प्रकाश आत सोडणारे छिद्र; 'एफ/' नंतरचा आकडा जितका लहान, तितके ते मोठे.) पहिले डबल गाउस. रुडॉल्फ यांची १८९६ ची प्लॅनार ही त्याची पहिली पूर्ण विकसित लेन्स. सहा भिंगे चार गटांत आणि अ‍ॅपर्चरच्या दोन्ही बाजूंना जवळपास आरशातल्यासारखी मांडणी. १९२० मध्ये टेलर-हॉब्सनच्या होरेस ली यांनी ही समरूपता मुद्दाम मोडली आणि एफ/२ पर्यंत मजल मारली. पुढे श्नायडरची झेनॉन, झाइसच्या विली मर्टे यांची बायोटार आणि लाइट्झची १९३३ ची सुमार याच वाटेने आल्या. दुसरे घराणे लुडविग बर्टेले यांचे. एर्नोस्टार या लेन्सपासून सुरू झालेला त्यांचा विचार १९३२ च्या कॉन्टॅक्स कॅमेऱ्यासोबत आलेल्या सोन्नारमध्ये पूर्णत्वाला गेला. (मराठीत हे नाव घाईने उच्चारले की दागिने घडवणारा डोळ्यांसमोर येतो, त्याला इलाज नाही.) बर्टेले यांनी भिंगांमधील हवेची जागा कमी अपवर्तनांकाच्या (म्हणजे प्रकाश कमी वळवणाऱ्या) काचेने भरून काढली आणि तीन-तीन भिंगे एकत्र चिकटवली. एफ/२ च्या सोन्नारमध्ये सहा भिंगे तीन गटांत आहेत, तर एफ/१.५ मध्ये सात भिंगे तीनच गटांत आहेत.

नाव किती फसवते याचे माझ्या मते सर्वांत बोलके उदाहरण निक्कोर १०५ मिमी एफ/२.५ हे आहे. तेच नाव, तेच नाभीय अंतर, तेच अ‍ॅपर्चर. तरीही १९७१ पूर्वीची लेन्स सोन्नार घराण्याची आहे आणि त्यानंतरची गाउस घराण्याची. दोन मित्र या 'एकाच' लेन्सविषयी परस्परविरोधी मते मांडत असतील, तर दोघेही खरे बोलत असण्याची शक्यता आहे. कोडॅकने तर 'एक्टार' हे नाव मांडणीला दिलेच नव्हते. ते दर्जाचे नाव होते आणि त्याखाली अनेक मांडण्या नांदल्या.

टॉर्चने घराणे ओळखणे

लेन्स उघडावी लागत नाही. अंधाऱ्या खोलीत लहान टॉर्च डोळ्याजवळ धरावा, लेन्स हातभर अंतरावर किंचित तिरकी धरावी आणि आत पाहावे. टॉर्चच्या दिव्याची लहान-मोठी प्रतिबिंबे एका रांगेत दिसतात. लेन्स हलवली की त्यांपैकी काही तिच्यासोबत सरकतात आणि काही उलट दिशेने पळतात, त्यामुळे एकमेकांवर आलेली प्रतिबिंबे वेगळी करता येतात. हवा आणि काच जिथे भेटतात तिथले प्रतिबिंब ठळक असते. दोन काचा चिकटवलेल्या असतात तिथले अगदी मंद असते, कारण दोन्ही बाजूंच्या अपवर्तनांकांत फरक थोडा असतो. परावर्तन कमी करणारा लेप दिलेल्या लेन्समध्ये ठळक प्रतिबिंबे जांभळी, निळसर किंवा पिवळसर होऊन काहीशी दबतात, पण चिकटलेल्या पृष्ठांची मंद प्रतिबिंबे रंगहीनच राहतात, आणि त्यावरून ती ओळखू येतात.

आता मोजावे. सहा ठळक आणि एकही मंद नाही, तर ट्रिप्लेट. सहा ठळक आणि एक मंद, तर टेसार. सहा ठळक आणि दोन मंद, तर हेलियार. आठ ठळक आणि दोन मंद, तर अभिजात डबल गाउस. सहा ठळक आणि तीन मंद, तर एफ/२ ची सोन्नार, तिच्या एफ/१.५ च्या बहिणीत मंद प्रतिबिंबे चार असतात. मंद प्रतिबिंब पहिल्या फेरीत हमखास निसटते, म्हणून पुढून आणि मागून अशा दोन्ही बाजूंनी तीनदा तरी मोजावे.

अ‍ॅपर्चर पूर्ण बंद करून मोजले तर आणखी बारकावा हाती लागतो. झाइसच्या टेसारमध्ये अ‍ॅपर्चरची पाती दुसऱ्या भिंगाच्या मागे, जोडभिंगाच्या पुढे असतात, म्हणून पुढून चार ठळक प्रतिबिंबे दिसतात. लाइट्झच्या माक्स बेरेक यांनी एल्मारमध्ये तीच पाती पहिल्या आणि दुसऱ्या भिंगांच्या मध्ये बसवली. तिथे पुढून दोनच दिसतात. चार भिंगे, तीन गट, ५० मिमी, एफ/३.५ असे सारे जुळत असूनही या दोन प्रतिस्पर्धी लेन्स एकमेकींची नक्कल नाहीत, हे पाहण्यासाठी टॉर्च आणि दोन मिनिटे पुरतात.

पृष्ठांची संख्या इतकी महत्त्वाची का

लेप नसलेल्या प्रत्येक हवा-काच पृष्ठावरून साधारण ४ ते ५ टक्के प्रकाश परततो. ५ टक्के धरल्यास सहा पृष्ठांतून सुमारे ७४ टक्के प्रकाश पार होतो आणि आठ पृष्ठांतून सुमारे ६६ टक्के. उजेड कमी होतो ही त्यातली लहान अडचण आहे. परतलेल्या प्रकाशाचा काही भाग आतल्या आत आपटत अखेर फिल्मवर पडतो आणि सावल्यांवर राखाडी पडदा चढवतो, ही मोठी. रुडॉल्फ यांची प्लॅनार कागदावर उत्कृष्ट असूनही दीर्घकाळ मागे राहिली आणि टेसार जगभर पसरली, यामागे हे एक मुख्य कारण होते. १९३० च्या दशकात सुमार आणि सोन्नार समोरासमोर आल्या तेव्हा दोन्ही एफ/२ च्या होत्या, दोन्हींत सहाच भिंगे होती. पण सुमारला आठ पृष्ठे होती आणि सोन्नारला सहा. बर्टेले यांची सरशी झाली ती या दोन पृष्ठांवर.

झाइसच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये शोधलेला परावर्तनरोधक लेप युद्धानंतर सर्वत्र आला आणि हिशेब बदलला. प्रत्येक पृष्ठावरचे नुकसान १ टक्क्यावर आले, तर सहा पृष्ठांतून ९४ आणि आठांतून ९२ टक्के प्रकाश पार होतो. सोन्नारचा फायदा जवळपास संपला. शिवाय ५० मिमीच्या सोन्नारचे मागचे भिंग फिल्मच्या इतके जवळ येते की एसएलआर (म्हणजे आरशाच्या मदतीने लेन्समधूनच दृश्य दाखवणाऱ्या) कॅमेऱ्याच्या आरशाला जागाच उरत नाही. त्यामुळे सामान्य नाभीय अंतराच्या लेन्समध्ये गाउस घराणे पुढे गेले, आणि एसएलआरसाठी केलेली बायोटार ५० ऐवजी ५८ मिमीची निघाली. तिचीच सोव्हिएत प्रत म्हणजे हेलिओस-४४. सोन्नारच्या प्रती ज्युपिटर-३ आणि ज्युपिटर-८ या नावांनी रेंजफाइंडर, म्हणजे लेन्समधून न पाहता वेगळ्या खिडकीतून फोकस जुळवण्याच्या, कॅमेऱ्यांवर राहिल्या.

यातून तुलनेचा पहिला नियम निघतो: लेप असलेली आणि लेप नसलेली लेन्स शेजारी ठेवून मांडणीविषयी निष्कर्ष काढू नये. तो निष्कर्ष लेपाविषयी असतो.

लेन्सची प्रकृती तपासणे

सत्तर-ऐंशी वर्षांच्या वस्तूंची तुलना करताना मांडणीपेक्षा वार्धक्यच जास्त मोजले जाण्याचा धोका असतो. मी एकदा दोन एफ/२ लेन्सची संपूर्ण संध्याकाळ तुलना केली, वहीत सविस्तर टिपणे काढली आणि एका लेन्सच्या 'स्वप्नाळू, मृदू' स्वभावाचे मनापासून कौतुक लिहिले. दुसऱ्या दिवशी मागून टॉर्च मारून पाहिले, तर आतील एका पृष्ठावर तेलकट वाफेचा सलग थर बसलेला होता. साफसफाईनंतर ती लेन्स स्वप्ने पाहायची थांबली. टिपणे फाडली.

म्हणून टॉर्च पुढून न मारता मागून मारावा, आणि अ‍ॅपर्चर पूर्ण उघडे ठेवावे. धुके, बुरशीचे जाळे, चिकटवलेल्या थरात कडेने आलेले चट्टे आणि पुढच्या काचेवरचे पुसण्याचे ओरखडे तेव्हाच दिसतात. सुमारची पुढची काच मऊ असल्यामुळे आज मिळणाऱ्या बहुतेक प्रतींवर असे ओरखडे असतात, आणि तिच्या बदनामीतला मोठा वाटा रचनाकारापेक्षा फडक्याचा आहे असे मला वाटते. सात भिंगांची ताकुमार ५० मिमी एफ/१.४ पिवळी पडलेली आढळते. तिच्या काचेत थोरियम आहे आणि त्याच्या किरणोत्सर्गाने काच रंगते; अतिनील प्रकाशात काही दिवस ठेवल्यास हा पिवळेपणा बराचसा उतरतो. तोवर तिच्या 'उबदार रंगां'ची स्तुती थांबवावी.

भिंगे केंद्रावर बसली आहेत की नाहीत, हेही पाहावे. लांबचा एकटा दिवा अ‍ॅपर्चर पूर्ण उघडे ठेवून आळीपाळीने चारही कोपऱ्यांत आणावा आणि प्रत्येक कोपऱ्यात पुन्हा फोकस करून फोटो घ्यावा. चारही कोपऱ्यांतील दिव्याचे आकार एकमेकांची आरशातली रूपे असतील तर ठीक. एकच बाजू बिघडलेली असेल तर लेन्स कधीतरी पडली आहे, उघडून चुकीची जोडली गेली आहे, किंवा ती दुसऱ्या कॅमेऱ्यावर बसवणारा अ‍ॅडाप्टर वाकडा आहे. अ‍ॅडाप्टरचा संशय फेडण्यासाठी खात्रीची दुसरी लेन्स त्याच अ‍ॅडाप्टरवर लावून पाहावी.

समान जमीन तयार करणे

निरनिराळ्या माउंटच्या (कॅमेऱ्यावर बसण्याच्या बैठकीच्या) लेन्स एकाच कॅमेऱ्यावर लावण्यासाठी पूर्ण फ्रेमचा मिररलेस कॅमेरा सोयीचा आहे. सोनी ई माउंटवर लेन्सची बैठक आणि सेन्सर यांतील अंतर १८ मिमी आहे, तर लायका एमचे २७.८ मिमी, एम४२ चे ४५.४६ मिमी आणि निकॉन एफचे ४६.५ मिमी, मधली जागा अ‍ॅडाप्टर भरून काढतो. लहान सेन्सर वापरल्यास कोपरे कापले जातात, आणि घराण्यांमधले बरेचसे फरक कोपऱ्यांतच राहतात. एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवावी. सेन्सरवर काचेचा थर असतो आणि फिल्मवर नसतो. ज्या वाइड लेन्सची मागची काच फिल्मला जवळपास टेकते, तिच्या तिरक्या किरणांना हा थर कडांपाशी बिघडवतो. अशा लेन्सची कोपऱ्यांबाबतची बदनामी डिजिटल कॅमेऱ्यावरून ठरवणे अन्यायाचे आहे. तिला फिल्मवरच तपासावे.

तिपाई, सेल्फ टाइमर, हाताने ठरवलेले एक्स्पोजर, एकच व्हाइट बॅलन्स आणि शार्पनिंग बंद केलेली रॉ फाइल, एवढ्याने भागते. अ‍ॅपर्चर दोन्हींवर समान असावे. एफ/१.५ च्या लेन्सचे पूर्ण उघडे रूप आणि एफ/२ च्या लेन्सचे पूर्ण उघडे रूप शेजारी ठेवण्यात अर्थ नाही. दोन्ही एफ/२ वर आणाव्यात, मग एफ/२.८, एफ/४ आणि एफ/५.६ वर. नाभीय अंतर वेगळे असेल तर पार्श्वभूमीच्या धूसरपणाची तुलना जपून करावी. ५८ मिमी एफ/२ चे प्रवेशछिद्र २९ मिमी रुंद असते आणि ५० मिमी एफ/२ चे २५ मिमी. बायोटारची पार्श्वभूमी अधिक विरघळलेली दिसली, तर त्यातील काही श्रेय केवळ या चार मिलिमीटरचे आहे.

काय पाहावे

विटांच्या भिंतीचा एक फोटो काढून कोपरे मऊ आहेत म्हणून लेन्स नापास करणे ही सर्वांत प्रचलित चूक आहे. जुन्या लेन्समध्ये स्पष्ट प्रतिमेचे पृष्ठ सपाट नसते, ते वाटीसारखे वळलेले असते. भिंतीच्या मध्यावर फोकस केल्यास कोपऱ्यांचे फोकस भिंतीच्या अलीकडे किंवा पलीकडे जाते. यासाठी प्रत्येक अ‍ॅपर्चरवर दोन फोटो घ्यावेत, एक मध्यावर फोकस करून आणि दुसरा कोपऱ्यावर. दुसऱ्या फोटोत कोपरा नीट उमटला तर दोष वक्रतेचा आहे, आणि त्रिमितीय विषयांत तो क्वचितच जाणवतो. पुन्हा फोकस करूनही कोपरा सुधारला नाही, रेघा एका दिशेने स्पष्ट आणि दुसऱ्या दिशेने फिस्कटलेल्या दिसल्या, तर तो अ‍ॅस्टिग्मॅटिझम; दिव्याच्या बिंदूला धूमकेतूसारखी शेपटी आली तर कोमा. टेसार आणि एल्मार यांची तुलना मी प्रत्येक वेळी याच जोडीने करतो, कारण एकाच फोटोवरून त्यांच्यातला जो फरक दिसतो त्याचा बराच भाग दुसऱ्या फोटोत नाहीसा होतो.

फोकस सरकण्याची चाचणी सोन्नार घराण्यासाठी अनिवार्य आहे. मोजपट्टी लेन्सच्या अक्षाशी ४५ अंशांत ठेवावी, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडे ठेवून एका आकड्यावर फोकस करावे आणि मग फोकसला हात न लावता एफ/२, एफ/२.८, एफ/४ व एफ/५.६ वर फोटो घ्यावेत. एफ/१.५ च्या सोन्नारमध्ये गोलीय विपथन (भिंगाच्या कडेचे आणि मधले किरण एकाच ठिकाणी न मिळण्याचा दोष) काहीसे कमी दुरुस्त केलेले असल्यामुळे सर्वांत स्पष्ट आकडा हळूहळू मागे सरकताना दिसेल, आणि एफ/२.८ वर मूळ आकडा किंचित हातातून निसटलेला असू शकेल. रेंजफाइंडरवर हा घोटाळा काही केल्या कळत नाही. फोटोग्राफर स्वतःच्या हाताला दोष देत राहतो. गाउस घराण्याच्या लेन्स या चाचणीत बहुधा अधिक स्थिर राहतात. तुलनेतही हे लक्षात घ्यावे: प्रत्यक्ष वापरात लेन्स कशी वागेल ते हवे असल्यास फोकस न बदलता तुलना करावी, आणि मांडणीची क्षमता मोजायची असल्यास प्रत्येक अ‍ॅपर्चरवर पुन्हा फोकस करावे.

तेच विपथन पार्श्वभूमीला सौम्यपणा देते. कमी दुरुस्त केलेल्या लेन्समध्ये मागच्या दिव्यांच्या चकत्यांची कड विरत जाते, तर जास्त दुरुस्त केलेल्या लेन्समध्ये कडेला उजळ कंकण उमटते. फोकसच्या पुढच्या भागात हेच चित्र उलट होते, म्हणून पुढचा आणि मागचा असे दोन्ही दिवे पाहावेत. बायोटार आणि हेलिओसची गरगरणारी पार्श्वभूमी हवी असेल तर दूरची दाट पाने, जवळचा विषय आणि पूर्ण उघडे अ‍ॅपर्चर लागते. कोपऱ्यांतील चकत्या नळीच्या कडेने कापल्या जाऊन बदामाच्या आकाराच्या होतात आणि वर्तुळाच्या दिशेने मांडल्या जातात. एफ/४ वर हा सारा खेळ ओसरतो.

फ्लेअर, म्हणजे भटक्या प्रकाशाचा पडदा, तपासण्यासाठी दिवा चौकटीच्या जरासा बाहेर ठेवावा, एकदा हूड लावून आणि एकदा हूडशिवाय फोटो घ्यावा. रंगांवर फार वेळ घालवू नये. व्हाइट बॅलन्स दुरुस्त केल्यावर उरणारा फरक थोडा असतो.

निकाल लिहिण्याआधी

शक्य असल्यास एकाच लेन्सच्या दोन प्रती मिळवून त्यांचीच आपसांत तुलना करावी. दोन ज्युपिटर-८ मधला फरक ज्युपिटर आणि सोन्नार यांच्यातील फरकापेक्षा मोठा निघाला, तर त्या दोन नावांविषयी मत लिहू नये, फक्त त्या दोन नळ्यांविषयी लिहावे. एकाच कॅमेऱ्यावर प्रतिस्पर्धी लेन्स मिळण्याची उत्तम सोय रोलायफ्लेक्सने केली होती: एकाच कारखान्याचा कॅमेरा आणि त्यावर कधी टेसार तर कधी झेनार, आणि १९५० च्या दशकापासून प्लॅनार किंवा झेनोटार. अशा जोड्यांतले फोटो मी फाइलींची नावे पुसून, क्रम विस्कटून एका मित्राकडून परत मागवले, तेव्हा प्लॅनार आणि झेनोटार मला वेगळ्या ओळखता आल्या नाहीत. टेसार मात्र पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर कोपऱ्यांवरून दर वेळी ओळखली. एफ/८ वर तीही ओळखता आली नाही, आणि वहीत त्या ओळीपुढे मी दोन्ही रकाने रिकामे ठेवले आहेत.